अंधारखोलीतला लाल टॉर्च

सक्करदऱ्याच्या आमच्या घरात पाऊल टाकलं की आधी हायपोचा, म्हणजे फोटो धुवायच्या औषधाचा, वास यायचा आणि मग फोडणीचा. समोरच्या खोलीत बाबांचा फोटो स्टुडिओ होता. एक रंगवलेला पडदा, त्यावर कोणता तरी तलाव आणि दोन जाडजूड बदकं, पुढं एक स्टूल आणि दोन मोठे दिवे. मागं स्वयंपाकघर, त्याच्या मागं न्हाणी, आणि या दोन्हींच्या मधे कोंबून बसवलेली बोळासारखी अंधारखोली. बाबा मूळचे कुहीकडचे. त्यांचे सगळे भाऊ धानाच्या बांधीत, म्हणजे भातखाचरात, राबले आणि हे एकटे नागपूरला येऊन फोटोचं काम शिकले. दिवाळीनंतर गावाकडून तांदळाचं पोतं यायचं आणि त्याच्यासोबत मोठे बाबा, म्हणजे बाबांचे थोरले भाऊ, यायचे. दारातूनच त्यांचा टोमणा ठरलेला असायचा, "काहून गा, अजून लोकाचे चेहरेच धुऊन राहिला का?" बाबा नुसते हसायचे आणि पोतं आत ओढायचे.

आईची शेगडी अंधारखोलीच्या भिंतीला लागूनच होती. अलीकडे आई वरण घोटायची आणि पलीकडे बाबा कागदावर उजेड टाकताना मोठ्यानं आकडे मोजायचे. एक, दोन, तीन, चार. आईला लहर आली की ती इकडून मुद्दाम भलतेच आकडे म्हणायची, "चौदा, सतरा, अकरा..." आणि आतून बाबांची हाक यायची, "अवं, कागद जळला ना माहा!" आई पदर तोंडाला लावून अशी हसायची की तिच्या हातातली पळी डळमळायची. हे आठवलं की मला आधी हसू येतं आणि लगेच रडू येतं. मी काही रडूबाई नाही. पुढं पंचवीस वर्षं शाळेत विज्ञान शिकवलं, पोरं मला टरकून असत. पण या एका आठवणीपुढं माझं काही चालत नाही.

अंधारखोलीचे नियम दोनच होते. कॅमेऱ्यातून निघालेला रोल धुवायचा तो ठार काळोखात, बोटांनी चाचपून. त्या वेळी बाबा आतला लाल बल्बही बंद करायचे. रोल धुऊन वाळला की त्याच्यावरून कागदावर फोटो उतरवायचा, तेव्हा मात्र लाल उजेड चालायचा. त्या कागदाला लाल रंग दिसतच नाही, असं बाबा सांगायचे. मग रोलच्या वेळी लाल बल्ब का बंद, हे मी कधी विचारलं नाही आणि त्यांनीही कधी सांगितलं नाही. आमच्या घरात कामं अशीच शिकली जायची, बघून बघून. मी अकरावीत होते, सायन्सला, आणि आपल्याला सगळं समजतं अशी माझी पक्की खात्री होती. आई मला दीडशहाणी म्हणायची आणि तिचं काही चुकत नव्हतं.

आता आईचं सांगते. आईच्या चेहऱ्यावर देवीचे व्रण होते. लहानपणी गावात साथ आली, त्यात ती वाचली आणि दोन भाऊ गेले. नाकावर, गालावर, कपाळावर बारीक बारीक खड्डे. मला ते कधी खड्डे वाटलेच नाहीत, आईचं तोंड असंच असतं असं वाटायचं. पण ती फोटोला बसायची नाही. लग्नात फोटो काढायची ऐपत नव्हती आणि पुढं घरातच स्टुडिओ झाल्यावर तिनं कधी होकार दिला नाही. बाबा गिऱ्हाइकांच्या चेहऱ्यावरचे डाग निगेटिव्हवर पेन्सिलीच्या टोकानं भरून काढायचे. त्या कामात त्यांचा हात एवढा हलका होता की लग्नाळू पोरींचे बाप लांबून यायचे. एकदा बाबा तिला म्हणाले, "बस ना वं एकदा. मी सारे डाग भरून देतो, कोणाले समजणार नाही." आईनं कणकेचा हात तसाच थांबवला. "मंग तो माहा फोटो कसा होईन? दुसऱ्याच बाईले घरात टांगसान तुम्ही." दोन दिवस ती बाबांशी धड बोलली नाही.

टॉर्चची भानगड त्याच हिवाळ्यातली. अंधारखोलीत लाल कागद गुंडाळलेला एक झिरोचा बल्ब कोपऱ्यात टांगलेला होता. त्याचा उजेड औषधाच्या तबकापर्यंत नीट पोचायचा नाही. कागद औषधात हलवताना चित्र किती उमटलं हे बघायला बाबा इतके वाकायचे की नाकाला औषध लागायचं. त्यातून त्या बल्बवरचा कागद तापून जागोजागी करपला होता आणि तिथून पांढऱ्या उजेडाच्या रेघा भिंतीवर पडायच्या. माझ्याकडे दोन पेन्सिल सेलवर चालणारा वीतभर लांबीचा टॉर्च होता, त्याचा बल्ब उडालेला. कोपऱ्यावरच्या रेडिओ दुरुस्तीवाल्याकडे मी नव्या टेपरेकॉर्डरवर तांबडा ठिपका पेटलेला पाहिला होता. हे काय, विचारलं, तर तो म्हणाला, "एलईडी. याले ना तार जळत, ना गरम होत. आतूनच लाल उजेड देते." बस्स, माझ्या डोक्यात किडा शिरला.

त्या माणसानं मला एक एलईडी दिला, एक बारीक रेझिस्टन्स दिला, सोल्डरिंग आयर्न एका दिवसापुरतं दिलं आणि वर बजावलं, "हे जोडल्याबिगर लावशीन तं फुर्र होऊन जाईन." स्टुडिओतले प्लग दिव्यांनी अडवलेले, मोकळा एकच, तो स्वयंपाकघरात. आई सांबारवडी करत होती. आमच्याकडे कोथिंबिरीला सांबार म्हणतात, त्याच्या त्या वड्या. मी उडालेल्या बल्बची काच फोडली, पितळेचं टोपण खरवडून साफ केलं, एलईडीचा एक पाय टोपणाच्या बुडाला आणि दुसरा रेझिस्टन्समधून कडेला डाग देऊन जोडला. राळेचा धूर वड्यांवर. "अवं भवाने, घरादाराले विष घालशीन का?" आई ओरडली. बटण दाबलं, काही नाही. पुन्हा दाबलं, काही नाही. माझं तोंड एवढंसं झालं. मग एकदम लक्षात आलं, पाय उलटे लागलेत. पुन्हा सोडवलं, फिरवलं, डाग दिला, आणि पेटला! लाल, गार, एवढासा उजेड. आईनं तो माझ्या हातातून घेतला, आपल्या मुठीत धरला आणि बोटांच्या फटीतून बघत बसली. कढईतल्या वड्या करपल्या त्या दिवशी. बाबांना तर इतका आवडला की त्यांनी त्याला नाडी बांधून गळ्यात अडकवला. कोणी गिऱ्हाईक आलं की सांगायचे, "माह्या पोरीनं केला." मी नुसती हवेत.

आणि माझं डोकं पुढं धावलं. मी स्वतःशी ठरवून टाकलं की रोलच्या वेळी बाबा लाल बल्ब बंद करतात ते त्या करपलेल्या कागदातून पांढरा उजेड गळतो म्हणून. एलईडीत पांढरं काही नाहीच, तो जन्मजात लाल. तेव्हा याचा उजेड रोललाही चालणार. किती बिनतोड वाटलं होतं मला! हा तर्क मी बाबांना बोलून दाखवला असता तर एका वाक्यात काम झालं असतं. बोलले नाही. मोठी शास्त्रज्ञ झाले होते ना!

संक्रांतीच्या सुमारास आईच्या पोटात दुखायला लागलं आणि डॉक्टरांनी ऑपरेशन सांगितलं. दवाखान्यात जायच्या आदल्या दिवशी तिनं न्हाऊन ठेवणीतलं हिरवं लुगडं नेसलं आणि स्टुडिओत येऊन स्टुलावर बसली. बाबा बघतच राहिले. "काढा," ती म्हणाली. "पोरीच्या लग्नात दारावर लावाले लागन. पण पेन्सिल लावसान तं याद राखा." तेव्हा माझी बहीण पुष्पा चार वर्षांची होती, ती आईच्या पायाशी बसून पडद्यावरच्या बदकांशी बोलत होती. कॅमेऱ्यातला रोल बारा फोटोंचा. त्यातले पहिले तीन लकडगंजातल्या एका लाकडाच्या वखारीच्या मुनीमाचे झाले होते, नोकरीच्या कागदपत्रांसाठी. उरलेले नऊ बाबांनी आईचे काढले. पहिल्या दोन-तीनला ती लाकडासारखी ताठ बसली होती. मग मी दिव्यामागून म्हटलं, "चौदा, सतरा, अकरा," आणि ती हसली. बाबांनी खटाखट बटण दाबलं. मी स्वतः पाहिलं, ती हसताना बटण दाबलं गेलं.

आई परत आली नाही. ऑपरेशनच्या चौथ्या दिवशी सकाळी गेली. काय झालं, कसं झालं, हे मी इथं लिहीत नाही. मला सांगायचंय ते दुसरंच.

मोठे बाबा कुहीहून आले, सगळं त्यांनीच पाहिलं. दहावं झालं तेव्हा त्यांनी विचारलं, "तेरवीले फोटो लागन ना. हार कशाले घालाचा?" तेव्हा सगळ्यांना आठवलं की घरात तिचा एकही फोटो नाही आणि नऊ फोटो कॅमेऱ्यात पडून आहेत. बाबा भिंतीला टेकून बसले होते, डोकं भादरलेलं, त्यामुळे कान मोठे दिसत होते. म्हणाले, "मले नाही होत. वासंती, तू धू. तुले येते." मग मी उठले तशी मागून म्हणाले, "अंधारात वं. पुऱ्या अंधारात." मी हो म्हटलं. तबकात औषधं ओतली, घड्याळ पाहून ठेवलं, आणि खिळ्यावरचा टॉर्च गळ्यात अडकवला. नंतर हायपोची बाटली शोधायला लागेल म्हणून.

दुपारचे तीन वाजले असतील. दार लावलं, लाल बल्ब बंद केला. तो रोल म्हणजे काळ्या कागदासोबत गुंडाळलेली लांब पट्टी असते. कागद सोडवत जायचं आणि पट्टी बोटात धरत जायची. बाबांबरोबर तीनदा केलं होतं. पण त्या दिवशी मी एकटी होते. अर्ध्याहून जास्त पट्टी सुटली आणि एकदम स्प्रिंगसारखी उसळून हातातून खाली गेली. खाली फरशी ओली, न्हाणीकडून आलेली वाळू. पाय पडला तर? वाळूनं ओरखडा उठला तर? आईच्या चेहऱ्यावर ओरखडा! चाचपले, सापडेना. आणि मी टॉर्च लावला.

लाल उजेडात ती पट्टी माझ्या पायाशी वेटोळं घालून पडलेली दिसली, फिकट, कोरी. मी वाकून अलगद उचलली, फुंकर घातली, नीट पाहिलं, एकही ओरखडा नाही. जीव भांड्यात पडला. मग दोन्ही हात मोकळे हवेत म्हणून टॉर्च बंद केला, उरलेला कागद सोडवला आणि रोल आधी औषधात, मग हायपोत हलवत आकडे मोजत राहिले. पंधरा सेकंद लागला असेल तो टॉर्च. फार तर वीस.

धुऊन झाल्यावर बल्ब लावला तेव्हा पट्टीच्या एका टोकाला तीन चौकोन स्वच्छ होते. मुनीम, मुनीम, मुनीम. ते मी टॉर्च लावला तेव्हा गुंडाळीत होते, त्यांना काही झालं नाही. आणि पुढचे नऊ चौकोन काळे, उजेड लागलेली फिल्म धुतल्यावर काळी पडते तसे. करपलेल्या तव्यासारखे काळे, एका कडेपासून दुसऱ्या कडेपर्यंत. पुढं कॉलेजात शिकले की कागदाला लाल रंग दिसत नाही, पण त्या फिल्मला सगळे रंग दिसतात, लालही. जगातल्या कुठल्याही फोटोवाल्याला जे माहीत असतं ते फोटोवाल्याच्या पोरीला माहीत नव्हतं. वर्गात प्रकाशाचा धडा आला की मी तो भराभर उरकायची. पोरांना वाटायचं, बाईंना हा धडा आवडत नाही.

बाबा आत आले. त्यांनी पट्टी उजेडासमोर धरली. एकेक चौकोन सरकवत पाहिला. मग अगदी हळू विचारलं, "उजेड लागला होता का वं?"

"नाही," मी म्हटलं.

"टॉर्च?"

"नाही, बाबा."

झालं. दोनदा विचारलं आणि दोनदा मी खोटं बोलले. त्याआधी मी बाबांशी कधी खोटं बोलले नव्हते, त्यामुळे त्यांना शंका यायचं कारणच नव्हतं. त्यांनी मान हलवली. त्यांची नजर खोलीभर फिरली आणि दारावर येऊन थांबली. "मंग दारातून आला असन. फट असन कुठी तरी. माह्याच ध्यानात आलं नाही," ते म्हणाले. मी तिथंच उभी होते, गळ्यात टॉर्च घेऊन.

त्या संध्याकाळी सुतक बाजूला ठेवून बाबांनी त्या नऊ चौकोनांवरून फोटो उतरवायचा प्रयत्न केला. उजेड वाढवला, वेळ वाढवला, आकडे शंभराच्या पुढं गेले. त्या काळ्यातून उजेड पार होईना, तबकातला प्रत्येक कागद पांढराच्या पांढरा. शेवटी मोठ्या बाबांनीच हाताला धरून त्यांना बाहेर आणलं. तेरवीला पाटावर सुपारी मांडली आणि तिला हार घातला. जेवायला आलेल्यातलं कोणी तरी कुजबुजलं, फोटोवाल्याच्या घरी फोटो नाही? बाबांनी ऐकलं आणि पंगतीसमोर हात जोडून म्हणाले, "दार माहं होतं. चूक माही आहे." मी पुढच्या पानावर वरण वाढलं. चार दिवसांनी मुनीम आला. बाबांनी त्याचे फोटो कापून पाकिटात घालून दिले. तो खूश होऊन म्हणाला, "वा, चेहरा एकदम साफ आला." बाबा म्हणाले, "हो, तुमचा चांगला आला."

पुढं कित्येक वर्षं बाबा ती फट शोधत होते. रविवारी दुपारी ऊन चढलं की आत जाऊन दार लावून काळोखात बसायचे, डोळे उघडे ठेवून. बाहेर आले की खळ शिजवायला सांगायचे आणि काळा कागद कापून दाराला चिकटवायचे, "इथून येत असन, या सांध्यातून." खळ मी शिजवायची. वाटी हातात धरून पुष्पा उभी राहायची. दारावर कागदाचे थरावर थर चढले. पुष्पा येता-जाता त्या दाराला लाथ मारायची, कारण तिला सांगितलं होतं की यानं आईचा फोटो खाल्ला. रोज झोपताना ती मला विचारायची, आई कशी होती? मी सांगायची. नाक असं, कपाळ असं, हसली की डोळे बारीक व्हायचे. एके दिवशी ती उठून बसली आणि म्हणाली, "ताई, मागच्या वक्ताले तं तू नाक बारीक सांगितलं होतं." मी आठवून पाहत होते आणि मलाही नाक नक्की आठवेना. त्या क्षणी मला स्वतःची जेवढी किळस आली तेवढी कधी आली नाही.

मी शाळेत लागले त्या वर्षापर्यंत रंगीत फोटोंचे दिवस आले होते. रोल बाहेर लॅबमध्ये जायचे. अंधारखोलीचं काम उरलं नाही, म्हणून ती न्हाणीत मिळवून घ्यायचं ठरलं. सुतारानं दार चौकटीतून काढलं आणि अंगणात भिंतीला टेकवलं. बाबा म्हणाले, "थांब गा, तोडू नको." त्यांनी दार उन्हाकडे तोंड करून उभं करवलं आणि स्वतः मागच्या सावलीत उकिडवे बसले. आधी नखांनी, मग कलथ्यानं ते काळे कागद सोलायला लागले. एक थर, दुसरा थर, वाळलेल्या खळीचे पापुद्रे. मी न्हाणीच्या उंबऱ्यावर उभी होते. शेवटी आतलं सागवान उघडं पडलं. फळ्या घट्ट बसलेल्या. पलीकडून दुपारचं लख्ख ऊन आणि अलीकडे टाचणीएवढासुद्धा उजेड नाही. बाबांनी प्रत्येक सांध्यावरून बोट फिरवलं, वरून खाली आणि खालून वर. मग ते गुडघ्यावर हात ठेवून उठले आणि त्यांनी माझ्याकडे पाहिलं.

ती नजर रागाची असती तर मी त्यांचे पाय धरले असते. तशी नव्हती. मी तोंड उघडलं. एवढी वर्षं रोज मनात घोकलेलं वाक्य होतं, आणि तोंडातून निघालं, "बाबा, चहा ठेवू?"

"ठेव," ते म्हणाले.

मी आत वळणार तोच पुष्पा शाळेतून आली. दप्तर खाटेवर टाकलं, सोललेले कागद पाहिले आणि धावत अंगणात गेली.

"बाबा, सापडली का फट?"

बाबा अजून माझ्याकडेच बघत होते.

"सापडली," ते म्हणाले.

"केवढी होती?"

"ल्हानशी होती वं," बाबांनी तिच्या डोक्यावर हात ठेवला. "कोणाच्याही हातून राहून गेली असती."